पेनी, पर्स आणि दिवसाला दहा शब्द

दादाने परवा मुलाच्या क्लासच्या वहीचा फोटो पाठवला. मुलगा दहावीत, घर डिचोलीत, क्लास म्हापशात. दिवसाला दहा इंग्रजी शब्द पाठ करायचे: पाच रोजच्या वापरातले, पाच ‘ट्रेंडिंग’. त्या दिवशीचे ट्रेंडिंग होते रिझ, स्ले, नो कॅप, घोस्टिंग आणि ब्रेन रॉट. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि एकेक वाक्य, अक्षर मोत्यासारखं. खाली दादाचा प्रश्न: “तू तिथे इंग्लंडात राहतेस म्हणून विचारतो, हे चालतात ना तिकडे?”

चालतात. माझी मुलगी मैत्रिणींशी बोलते तेव्हा यातले दोन-तीन कानावर पडतात. मी एकदा तिच्यासमोर ‘स्ले’ (म्हणजे ‘कमाल केलीस’) म्हणून बघितलं, तर तिने कानावर हात ठेवले. या शब्दांचं असंच आहे. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३चा शब्द म्हणून ‘रिझ’ निवडला, करिष्म्याच्या इंग्रजी शब्दातला मधला तुकडा, अर्थ समोरच्याला भुरळ घालायची हातोटी. २०२४ला ‘ब्रेन रॉट’ निवडला, म्हणजे फालतू काहीतरी बघून बघून डोकं सडणं. तो तर १८५४ सालीही छापलेला सापडतो. कोशवाल्यांनी हार घालेपर्यंत पोरं पुढे गेलेली असतात. आणि क्लासच्या वहीत तो उतरेपर्यंत? आमच्याकडे एक नव्वदीचे आजोबा आहेत, त्यांना सगळंच ‘स्मॅशिंग’, म्हणजे झकास, वाटतं. तोही कधीकाळचा फॅशनेबल शब्दच.

‘आमच्याकडे’ म्हणजे स्विंडनच्या एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जिथे मी काम करते. माझ्या स्वतःच्या आजोबांचा जन्म गोव्यातल्या पोर्तुगीज अमलातला, म्हणून आम्हाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायच्या, आधी आम्ही इथे पोचलो. इथे गोंयकार एवढे आहेत, की बाजारात जरा जोरात कोकणी बोलायची चोरी.

मी चौथीपर्यंत मराठी शाळेत. घरात बोलायला कोकणी, वाचायला-लिहायला मराठी, इंग्रजी पाचवीपासून. कॉलेजात असताना मीही वही केली होती, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकातून उतरवलेली, जडजड शब्दांची. त्या वहीच्या जोरावर इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात एक आजीबाई म्हणाल्या, “आय ॲम फीलिंग पुअरली.” मला ‘पुअर’ तेवढं ऐकू आलं. बिचारीचे पैसे संपले असतील, असं समजून मी म्हटलं, ऑफिसात विचारते. त्यांना फक्त बरं वाटत नव्हतं. दोन दिवसांनी दुसऱ्या बाई म्हणाल्या, मला ‘स्पेंड अ पेनी’ करायचंय. मी धावत जाऊन त्यांची पर्स आणली. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. पूर्वी इथल्या सार्वजनिक संडासाच्या दाराला एका पेनीचं नाणं टाकलं की उघडणारं कुलूप असायचं, तिथून हा वाक्प्रचार आला, हे नंतर कळलं. तोपर्यंत व्हायचा तो उशीर झाला होता.

रात्रपाळीचा अहवाल लिहिताना तर माझी वही पुरती उघडी पडली. जेवण न घेतलेल्या एका आजींबद्दल मी पोषण, अल्पप्रमाण, अनिच्छा असं सगळं भारदस्त इंग्रजीत लिहिलं. सीनियर नर्सने वाचलं, हसली, आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘ऑफ हर फूड’. अन्नावरून मन उडालंय. तीन शब्द, तिन्ही मला पाचवीपासून येणारे, आणि एकत्र मी ते कधी पाहिले नव्हते. रात्रभर झोप नसेल तर ‘अप अँड डाउन ऑल नाइट’. हे अप, डाउन, ऑफ, ऑन कुठल्याही क्लासच्या यादीत नसतात, कारण ते सगळ्यांना येतात असं सगळ्यांना वाटतं.

गोव्यात शाळेच्या माध्यमाचा वाद निघाला की मला हे आठवतं. आधी सरकारी अनुदान कोकणी-मराठी प्राथमिक शाळांना होतं. २०११मध्ये सरकारने ते इंग्रजी प्राथमिकलाही द्यायचं ठरवलं, आणि तेव्हा पेटलेलं आंदोलन आजही पुरतं विझलेलं नाही. मी मातृभाषेच्या बाजूची होते, आहे. पण खरं सांगायचं तर इथे मुलाखतीला माझ्याआधी आत गेलेली मडगावची मुलगी इंग्रजी माध्यमातली होती, आणि ती न अडखळता बोलली. दादाची भीती मला कळते. मला चीड येते ती याची, की दोन्ही बाजू ‘इंग्रजी’ म्हणतात तेव्हा कुणालाच विचारायचं नसतं, कुठली? पोराच्या कानावर काय पडणार, तो कुणाशी बोलणार? ती जागा मग दिवसाला दहा शब्द विकणाऱ्यांनी घेतली.

आमच्या आजीला शब्द कुणी पाठ करायला दिले नाहीत. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंपों करत यायचा, म्हणून पाव आला. पगार, लिलाव, इस्त्री, चावी, सगळे पोर्तुगीजांकडून आले, आणि ते परके आहेत हे तिला कधी कळलंही नाही. उलटही झालं: इंग्रजीतला ‘मंगूस’ म्हणजे आपलंच मुंगूस. कुणाच्या तरी परसात ते दिसलं असणार, त्याने नाव विचारलं असणार.

दादाला मी एवढंच कळवलं, की क्लास बंद करू नकोस, पण रविवारी त्याला माझ्याशी अर्धा तास इंग्रजीत बोलू दे, चुकत का होईना. पहिले दोन रविवार तो ‘रिझ’ कुठे बसवता येईल ते शोधत होता. मी त्याला पर्सची गोष्ट सांगितली, मग ‘ऑफ हर फूड’ची. “आत्या, यात नवीन शब्द कुठला?” असं म्हणाला.

गेल्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, “आत्या, आजी इज ऑफ हर फूड सिन्स फ्रायडे.” शाबासकी द्यायचं मला सुचलंच नाही. पेज तरी घेते का, विचारलं, आणि दादाला फोन द्यायला सांगितलं.