मीही 'फाशी द्या' म्हणणाऱ्यांतलाच

२००९ साल. गोव्यातल्या शिरोड्याच्या त्या 'दुपट्टा किलर'ला पकडलं तेव्हा मी फोंड्यात नोकरीला होतो. सकाळी हॉटेलात पातळ भाजी-पाव खाताना दुसरा विषयच नाही. लग्नाचं आमिष दाखवून गरीब घरच्या मुलींना बोलवायचं, दागिने काढून घ्यायचे आणि दुपट्ट्याने गळा आवळायचा. सोळा खुनांचा आळ. गल्ल्यावरचे बाब सुट्टे मोजता मोजता म्हणाले, "ताका तिस्कार उमकळावंक जाय." (त्याला तिठ्यावर लटकवायला हवं.) सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी. माझी बहीण तेव्हा रोज एकटी बसने कामाला जायची.

पुढे काही खटल्यांत जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. पहिला खून १९९४ चा म्हणतात. म्हणजे पंधरा वर्षं मुली एकेक करून नाहीशा होत होत्या आणि कुणाला धागा जुळवावासा वाटला नाही. आम्ही मात्र चर्चा करत होतो ती दोराची.

माझं मत बदललं ते दुसऱ्याच एका खटल्याने. २००३ मध्ये नाशिकजवळ एका वस्तीवर दरोडा, खून, बलात्कार. ऐकवत नाही इतकं भयंकर. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे शेवटच्या पायरीवर शिक्षा वाढली! आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मधल्या दहा वर्षांत आपल्या 'लवकर लटकवा'ला कुणी मान दिला असता तर?

'दुर्मिळातला दुर्मीळ' गुन्हा असेल तरच फाशी, ही कसोटी सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून आहे. ती त्या सहा जणांनाही लागू पडली होतीच की.

आता आमच्या गोव्याचं सांगतो, कारण फाशीशिवाय राज्य चालेल का, असं विचारणारे इथलेच असतात. पोर्तुगालने १८६७ मध्ये लष्करी गुन्हे सोडून बाकी गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली, १८७० मध्ये वसाहतींतही. पोर्तुगीज दयाळू होते असं अजिबात नाही. इन्क्विझिशन आणि पोर्तुगीजांविरुद्धच्या पिंटोंच्या बंडानंतर पणजीत फासावर गेलेले पंधरा जण आठवा. मार, तुरुंग, हद्दपारी शेवटपर्यंत चालूच होती. पण सावई-वेऱ्यात मराठी शिकवायला आलेले आणि नंतर शस्त्र हाती घेतलेले मोहन रानडे सव्वीस वर्षांच्या शिक्षेवर पोर्तुगालच्या तुरुंगात गेले आणि १९६९ मध्ये जिवंत परत आले. फासाची सोय असती तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या माणसांनी काय केलं असतं, तुम्हीच ठरवा. फाशी आमच्याकडे परत आली ती मुक्तीनंतर, भारतीय कायद्याबरोबर.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये घटना समितीत फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडलं होतं. २०१५ मध्ये विधी आयोगानेही दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं सोडून बाकी गुन्ह्यांसाठी ती बंद करा असं सांगितलं. (ती सवलतही मला पटत नाही, पण तो वाद वेगळा.)

खाली कुणीतरी लिहीलच, "तुझ्या बहिणीचं झालं असतं तर?" झालं असतं तर मी कोयता घेऊन निघालो असतो, खोटं कशाला बोलू? म्हणूनच माझ्या घरच्या खटल्यात मला कुणी न्यायाधीश करू नये.

गेल्या महिन्यात त्याच हॉटेलात गेलो. गल्ल्यावर आता मुलगा बसतो. टीव्हीवर कसली तरी बातमी, आणि शेजारच्या टेबलावरून तेच, "उमकळय रे!" मी त्या सहा जणांची गोष्ट सांगितली. मुलाने विचारलं, "मागीर तांकां कितें मेळ्ळें?"

"प्रत्येकी पाच लाख द्यायचा आदेश झाला."

"सोळा वर्सांचे?"

म्हटलं, हो. त्याने माझे सुट्टे परत एकदा मोजले आणि काही न बोलता पुढे सरकवले.