सामाईक विहीर आणि आमचं 'कॉमन'

आमच्या सात-बाऱ्यावर विहिरीपुढे 'सामाईक' असा एक शब्द आहे. निफाड तालुक्यातल्या त्या विहिरीत आमचे अण्णा आणि दोन काका असे तिघांचे हिस्से. मोटर जळाली की ती नेमकी कुणाच्या पाळीत जळाली, यावर आमच्याकडे दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या आहेत. या शब्दाला कंटाळून मी कम्प्युटर शिकलो, नाशकात आलो, अंबडला एका छोट्या कंपनीत चिकटलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी जे फोल्डर उघडून दाखवलं त्याचं नाव होतं 'कॉमन'.

काम कांदा व्यापाऱ्यांच्या सॉफ्टवेअरचं. सर्व्हर नाशकात, आणि क्लायंट म्हणजे पिंपळगाव, लासलगाव, चांदवडकडच्या खळ्यांवरचे कम्प्युटर, ज्यांच्या कीबोर्डमधून झटकल्यावर कांद्याची सालं निघतात. 'शेतकरी' हा क्लास, म्हणजे शेतकऱ्याच्या नोंदीचा साचा, एकदाच लिहायचा, 'कॉमन'च्या जारमध्ये, म्हणजे कोडच्या गाठोड्यात, घालायचा आणि तेच जार दोन्हीकडे ठेवायचं. साच्यातून निघालेली एकेक नोंद म्हणजे ऑब्जेक्ट. साहेब म्हणाले, "आपला ऑब्जेक्ट म्हणजे दुतोंड्या मारुती समज. एक तोंड सर्व्हरकडे, एक क्लायंटकडे." उपमा छान होती. फक्त गोदावरीतला मारुती जागचा हलत नाही. पाणी कमरेला लागलं की छातीला, हे बघायला नाशिककरच त्याच्याकडे जातात. आमचा मारुती मात्र दर लिलावाला उठून लासलगावला जायचा.

आणि जायचा म्हणजे अखंड जायचा नाही. इकडे त्याचे बाइट्स करायचे, तारेतून पाठवायचे आणि तिकडे त्या बाइट्सवरून तो पुन्हा उभा करायचा. आमची प्रोग्रॅमिंगची भाषा जावा, तिच्यात ही सोय १९९७ पासून आहे. उभा करण्याआधी दोन्हीकडचा क्लास एकच आहे ना, हे एका आकड्यावरून तपासलं जातं. त्याचं नाव सिरियल-व्हर्जन-यूआयडी. तो तुम्ही स्वतः लिहिला नाही, तर जावा क्लासची फील्डं (माहितीचे रकाने), मेथडी (त्याला येणारी कामं) वगैरे बघून आपला आपण काढते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी 'शेतकरी'मध्ये एक गरीब मेथड घातली, नावाआधी 'श्री.' लावणारी. बळीराजाला तेवढा मान नको का? नवं जार सर्व्हरवर चढवलं आणि शांत झोपलो.

सकाळी पहिला फोन दिवाणजींचा. "इंजिनिअर साहेब, हे काय लिहून येतंय? लोकल क्लास इनकम्पॅटिबल! आम्ही लोकल आहोत म्हणून जमत नाही का आता?"

मेसेज अक्षरशः तोच होता. जावाला म्हणायचं होतं की तुमच्या मशीनवरचा क्लास आणि आलेल्या ऑब्जेक्टचा क्लास जुळत नाही. पण बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना दिवाणजींना ते कसं समजावणार? मी पेनड्राइव्ह खिशात घातला, स्कूटर काढली आणि आग्रा रोडने खळं-खळं फिरत नवं जार वाटत सुटलो. एका 'श्री.'पायी दोन दिवस आणि एक पंक्चर. रात्री अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे सामाईक विहीरच की. एकाने खरवडायची ठरवली तरी तिघांच्या सह्या लागतात."

आकडा हाताने लिहून ठेवल्यावर ते दुखणं थांबलं आणि दुसरं उघडं पडलं. ऑब्जेक्टला नातेवाईक असतात. शेतकऱ्याच्या पोटात त्याच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, पट्टीच्या पोटात व्यापारी, व्यापाऱ्याच्या पोटात त्याचे सगळे शेतकरी. सर्व्हरवर हे गोतावळं लागेल तसं डेटाबेसमधून येतं. क्लायंटवर डेटाबेस कुठला? तिथे पट्टी मागितली की एरर. साहेब म्हणाले, "मग सगळं आधीच भरून पाठव." मी भरलं. एका शेतकऱ्याला बोलावलं आणि चूलबंद आवतन दिल्यासारखा अख्खा तालुका आला. खळ्यावरचा कम्प्युटर हमालासारखा धापा टाकायला लागला. त्या गर्दीत व्यापाऱ्याच्या नोंदीतला पासवर्डचा हॅशसुद्धा, म्हणजे पासवर्डवरून काढलेला गुप्त ठसा, बसून गेला होता. दिवाणजींना तो दिसला नाही, ही त्र्यंबकेश्वराची कृपा.

पुढे सगळं ब्राउझरवर गेलं आणि ऑब्जेक्ट जेसन होऊन, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, जायला लागले. जावाच्या जुन्या पद्धतीत एक चांगुलपणा होता, एकदा भेटलेला माणूस ती ओळखायची. जेसनवाल्या लायब्ररीला मी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ती शेतकऱ्यातून पट्टीत, पट्टीतून पुन्हा त्याच शेतकऱ्यात अशा प्रदक्षिणा घालत राहिली, स्टॅक, म्हणजे अर्धवट कामांची चळत, भरून कोसळेपर्यंत. नंतर लॉट नंबर. आमचा नंबर १७ आकडी, आधी तारीख आणि पुढे नऊ आकडे. जावाला तो सहज पेलतो. ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट, तिची अचूक मोजणी मात्र ९००७१९९२५४७४०९९१ ला संपते, त्यापुढे ती अंदाजपंचे जवळच्या आकड्यावर जाऊन बसते. आमच्या नंबरांएवढ्या मोठ्या आकड्यांत ती चाराच्या पटीत उड्या मारत होती. अकरा, बारा आणि तेरा नंबरचे लॉट स्क्रीनवर बाराच दिसले. तीन शेतकऱ्यांचे एकदम बारा वाजले. शेवटी तो नंबर आकडा म्हणून पाठवायचा सोडून अक्षरं म्हणून पाठवला.

सगळ्यात नाजूक प्रकरण जन्मतारखांचं. आमच्या भागातल्या एका पिढीचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनीच तो घालून दिलेला. दिवाणजी १ जून भरायचे. ब्राउझर त्याला मध्यरात्रीची वेळ लावायचा, यूटीसीत, म्हणजे लंडनजवळच्या ग्रिनिचच्या जागतिक वेळेत, नेताना साडेपाच तास वजा करायचा, आणि सर्व्हर वेळ फेकून नुसती तारीख ठेवायचा. एका आठवड्यात निम्म्या तालुक्याचा जन्म ३१ मेचा झाला. तक्रार एकाचीही आली नाही. खरी तारीख कुणाला ठाऊक होती?

यातून धडा घेऊन आम्ही 'कॉमन' मोडलं. आता सर्व्हरचा शेतकरी वेगळा, वाटेवरचा शेतकरी वेगळा, स्क्रीनवरचा वेगळा. एकातून दुसऱ्यात फील्डं ओतायचं काम माझं. मागच्या हंगामात तोलाई ओतायची राहिली, त्याबद्दल इथे बोलत नाही.

या उन्हाळ्यात अण्णा म्हणाले, पाळीवरून फार कटकट होते, तुझ्या त्या कम्प्युटरवर काहीतरी कर. मी एका रविवारी पाळ्यांचं पान करून दिलं. घरचंच काम, तीन-तीन क्लास कशाला? एकच केला, दोन्हीकडे तोच वापरला. धाकटे काका नाना मोबाइलवर पाळी बघायला लागले. अण्णांचा विश्वास भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

बुधवारी रात्री अण्णांचा फोन. "नानाने मोटर चालू केली. पाळी माझी आहे. तो म्हणतो, मोबाइलात त्याचं नाव आलं. एक दिवस आधीच!"

मी कपाळावर हात मारला. "अण्णा, चूक माझी. ती तारीख लंडनच्या वेळेने पडली."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग अण्णा म्हणाले, "बरं. मग लंडनला फोन लाव. म्हणावं, लाइट दोनला येते, बारे द्यायला माणूस पाठवा."