गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात

‘धुळीत काम करणाऱ्यांनी रोज रात्री गुळाचा खडा खावा. छातीतली सगळी धूळ निघून जाते, मास्क लागतच नाही. हे संशोधनाने सिद्ध झालंय. जुने कारखानदार उगाच गूळ वाटत नव्हते!’ हा मजकूर तुमच्याही फोनवर आला असेल. यातलं एकेक वाक्य घेऊ.

‘धूळ निघून जाते.’ कशी? घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो, श्वास श्वासनलिकेतून फुफ्फुसात. गुळाची आणि त्या धुळीची गाठच पडत नाही. गुळाने लाळ सुटते, घशातली खरखर कमी होते, बरं वाटतं, हे मान्य. पण घशातली जाड धूळ तशीही खाकरून बाहेर पडतेच. जिवावर उठते ती न दिसणारी धूळ, पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. फाउंड्रीतली वाळू, ग्रॅनाइट आणि आपल्या किचन ओट्याचा तो चकचकीत ‘क्वार्ट्झ’ यांच्यातली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य खनिज, कापताना-घासताना उडते आणि थेट वायुकोशांत, फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, जाऊन बसते. तिथल्या भक्षक पेशी तो कण गिळतात आणि त्यानेच मरतात. कण पुन्हा मोकळा, पुढची पेशी त्याला गिळायला हजर. हे वर्षानुवर्षं चालतं. जागोजागी व्रण धरतात, फुफ्फुस निबर होत जातं. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, टीबीचा धोकाही वाढवतो, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध अजून नाही.

‘संशोधनाने सिद्ध.’ संशोधन झालंय, लखनौला, १९९४ मध्ये प्रसिद्धही झालं. उंदरांच्या श्वासनलिकेतून फुफ्फुसात धूळ सोडली आणि त्यांना गूळ दिला. कोळशाचे कण फुफ्फुसातून जवळच्या लसिकाग्रंथींकडे जास्त सरकले, इजाही कमी दिसली. प्रयोग रंजक आहे, पण कण सरकले ते ग्रंथींकडे, शरीराबाहेर नव्हे. आणि उंदरांवरच्या एका प्रयोगावरून रोज आठ तास धूळ ओढणाऱ्या माणसाला ‘मास्क काढ’ म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा.

मास्कचं म्हणाल तर तो सगळ्यात शेवटचा उपाय. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण आरपार जातात. एन-९५ही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. आधी करायचं ते वेगळंच. सँडब्लास्टिंगला, म्हणजे जोरदार हवेने वाळू मारून धातू घासायला, वाळूऐवजी स्टीलचे कण वापरा. दगड कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवा. कोरडं कापू नका. धूळ उठते तिथेच ती खेचणारा पंखा आणि ती वाहून नेणारा डक्ट (मोठा नळ) बसवा. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम १४ हेच सांगत होतं: धूळ ओढणारी यंत्रणा लागत असेल तर ती धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितकी जवळ हवी. गुळाचा त्यात उल्लेख नाही! ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४पासून त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांवरच बंदी घातली.

राहिले ‘जुने कारखानदार’. ते गूळ वाटायचे, खरंच आहे. गुळाची ढेप डक्टिंगपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि खाणाऱ्याला वाटतं, मालकाला आपली काळजी आहे. काहींना असेलही. पण छातीचा एक्स-रे दरवर्षी काढायचे का, हे त्याच कामगारांना विचारून बघा.