रग्बी खेळायचीच असेल तर, बाय

पहिली गोष्ट म्हणजे घरी ‘रग्बी’ हा शब्द उच्चारू नकोस. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून आई नुकतीच म्हार्दोळला जाऊन म्हाळसेची ओटी भरून आली आहे. सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू काखेत मारून आपली लेक चौघींच्या अंगावरून पळणार आहे, हे तिला इतक्यात कळायला नको. विचारलंच तर ‘हँडबॉलसारखं काहीतरी’ म्हण. ‘सारखं’ या शब्दात बरंच काही मावतं.

बातमी फुटणारच. सरावाहून परतताना चिखलाने माखलेली पिशवी घेऊन डिचोलीच्या बसमध्ये चढलीस की शेजारच्या सीटवर तुझ्या आत्येची नणंद असतेच. ही व्यवस्था कदंब महामंडळाने नाही, नियतीने केलेली आहे. मग रविवारी काका येतील. काकांशी वाद घालू नकोस. ‘हा विलायती खेळ आपल्या मुलींनी कशाला?’ असं ते विचारतील, अंगात कुठल्याशा पोर्तुगीज फुटबॉल संघाचा टी-शर्ट घालून. 1878 साली कलकत्त्याच्या एका रग्बी क्लबाने बंद पडताना बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा चषक करून इंग्लंडला दिला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्या चषकासाठी एकमेकांना आडवे करतात, हे त्यांना मुळीच सांगू नकोस. आपले रुपये होते म्हटल्यावर ते परत मागायला निघतील.

काकांचा खरा राग वेगळाच आहे. 1823 मध्ये इंग्लंडातल्या रग्बी नावाच्या शाळेत एका मुलाने भर फुटबॉलच्या खेळात चेंडू हातात उचलला आणि पळत सुटला, अशी या खेळाच्या जन्माची दंतकथा सांगतात. तिथे त्यातून नवा खेळ निघाला. गोव्यात कुणी असं केलं असतं तर फक्त भांडण निघालं असतं आणि ते अजून चालू असतं.

आता चिखलाचा प्रश्न. मुलीच्या जातीने चिखलात लोळणं शोभत नाही, हे तुला निदान पाच जणी सांगतील. त्यांचं बरोबर आहे. चिखलात लोळण्याचीही एक रीत असते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकालो होतो. अंगाला तेल चोपडलेले बाप्ये आणि पोरगे चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात, पाडतात, ढिगाने अंगावर पडतात, आणि आपण कडेला उभं राहून हात जोडतो. त्यांचे कपडे घरी नेऊन धुतो ते आपणच. म्हणजे चिखलाचा आणि बाईचा संबंध धर्माला मान्य आहे, फक्त तो धुण्याच्या दगडापाशी असावा. तेव्हा तू पाऊस पडल्यावर मैदानात उतरू नकोस. म्हणजे गोव्यात जूनपासून चार महिने सुट्टी. उरलेल्या दिवसांत जमीन अशी कडक होते की पडल्यावर गुडघ्याची साल चिऱ्याला चिकटून राहते.

मैदान मागायलाही जाऊ नकोस, ते फुटबॉलवाल्यांचं आहे. पाच ते सहा ते एकमेकांची वाट पाहतात आणि सहानंतर खेळतात. तुम्ही कोपऱ्यात सराव करा, गोलपोस्टला वर बांबू बांधा, झाला रग्बीच्या खांबांचा ‘एच’.

पंधरा जणींच्या संघाचं स्वप्न तर सोडूनच दे. परीक्षा, पाहुणे आणि चतुर्थी वजा केली की हाती सातच राहतात. देवाची कृपा अशी की सात जणींची रग्बीही असते: सात मिनिटांचे दोन डाव, ऑलिंपिकमध्येही 2016 पासून हीच. चौदा मिनिटांत काय दमायचं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला नम्रपणे एक डाव खेळायला बोलाव. नियमही घरच्यासारखेच वाटतील. स्वतः पुढे पळायचं, पण चेंडू हाताने द्यायचा तो मागेच. मुलीने कितीही पुढे जावं, लक्ष मागे असावं, हे तुला आजीने केव्हाच शिकवलं आहे. खांद्याच्या वर कुणाला धरायचं नाही. पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एवढीही अट नसते, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागेल. पिवळं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर. दोनच. आपल्याकडे मुलगी एकदा चुकली की किती वर्षं बाहेर बसते, ते बघता हा खेळ फारच ढिला आहे.

डोळ्याखाली काळंनिळं झालं तर लग्नसमारंभ टाळ. टाळता आला नाही तर ‘न्हाणीत घसरले’ सांग. सगळ्या बायका लगेच विश्वास ठेवतील आणि त्यातली एखादी गप्प होऊन तुझ्या ताटात एक जिलबी जास्त वाढेल. तिला काही विचारू नकोस.

देशासाठी वगैरे खेळण्याचं मनात आणू नकोस. भारताच्या मुली पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018 मध्ये खेळल्या आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरला हरवून पहिला विजय घेऊन बसल्या. अशी घाई बरी नव्हे.

आणि काहीही झालं तरी आईला सामना बघायला आणू नकोस. माझी आई आली होती. छत्री, पाण्याची बाटली आणि हळदीची पुडी घेऊन. पहिल्या टॅकलला, म्हणजे चेंडूवालीला धरून पाडतात तेव्हा, ती छत्री उगारून रेषेच्या आत आली; पंचांनी तिला शिट्टी वाजवून बाहेर काढलं. दुसऱ्या टॅकलला डोळे मिटले. तिसऱ्यात मी एकीला पाडलं तेव्हा ती ओरडली, पण ते ‘अगो बाई’ नव्हतं. शेवटी मी रेषेपलीकडे चेंडू टेकवला, पाच गुण झाले. त्यावरची आणखी दोन गुणांची ड्रॉप किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारायची लाथ, मीच मारली आणि बांबूच्या बाहेरून गेली. सामना जिंकलो, सगळ्या नाचत होत्या. आईने पदराने माझं तोंड पुसलं, गुडघ्यावर हळद दाबली आणि विचारलं, ‘सात मिळत होते ना? मग पाचच कसे?’