कुमारांची गिरगावातली वर्षं

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचा विषय निघाला की गप्पा थेट माळव्यातल्या देवासला पोचतात. क्षयरोग, अंथरुणातली वर्षं, माळव्याची लोकगीतं आणि मग ते नवं गाणं. कहाणी खरीच आहे. पण तिच्या नादात आपण गिरगाव विसरतो, असं माझं ठाम मत आहे.

जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीत. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी एका स्वामींनी दिली, तीही मुलगा जेमतेम सात-आठ वर्षांचा असताना! घरात गाणं होतंच. पोरगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. वडील त्याला घेऊन गावोगाव फिरू लागले. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत त्याने भल्याभल्यांना थक्क केलं.

आता ती रेकॉर्ड म्हणजे काय, ते बघा. ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तासभराचा राग गवयाने तेवढ्यात कोंबलेला. तो मुलाने हुबेहूब उचलला तर त्याला मिळतो तयार माल. ही जागा, म्हणजे सुरांची ही खास वळणदार हरकत, इथेच का आली, ती घ्यायच्या आधी गवयाने काय काय टाकून दिलं, यातलं त्या तबकडीत काही नसतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक चिमुरडी मूळ गायिकेने जिथे श्वास घेतलाय तिथेच श्वास घेते आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. टाळ्या मीही वाजवतो. टीव्हीवरच्या स्पर्धा तर याच कौतुकावर चालतात.

कुमारांचं नशीब असं की १९३६च्या सुमारास ते प्रो. बी. आर. देवधरांकडे आले. देवधर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण घराण्याच्या, म्हणजे एकाच गायनपरंपरेच्या, कुंपणात न अडकलेले. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळच्या त्यांच्या क्लासात तऱ्हेतऱ्हेच्या गवयांची ये-जा. कुठल्याही घराण्यातलं चांगलं ते घ्यायचं, ही त्यांची वृत्ती. गायिका अंजनीबाई मालपेकरांकडेही कुमार शिकले. अकरा-बारा वर्षांचं, आधीच गाजलेलं पोर पुन्हा विद्यार्थी म्हणून बसलं आणि पुढे त्याच क्लासात शिकवूही लागलं. खरं सांगायचं तर वडिलांच्या बाजूनेही हे सोपं नसणार. मुलाच्या नावावर मैफली मिळत होत्या.

१९४७ साली भानुमतींशी लग्न, पुढच्या वर्षी देवास. म्हणजे मुंबईत साधारण दहा-अकरा वर्षं गेली. आजारपणात गाणं बंद असताना माणूस नुसतं ऐकूनही इतकं काही करू शकला, कारण ऐकायचं कसं हे तो मुंबईत शिकून आला होता. माझ्यापुरतं तरी हेच पटतं. नुसत्या आजाराने असा गवई घडत नसतो. पुढे ‘यांना घराणंच नाही’ म्हणून नाकं मुरडली गेली. लहानपणी सगळ्या मोठ्या गवयांसारखं हुबेहूब गाणाऱ्याबद्दल हे म्हणावं, याची मला अजून गंमत वाटते.

देवधर मास्तरांवर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. कुणाकडे त्या क्लासातल्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा.