पिवळ्या डब्यात टाकलं म्हणजे रिसायकल झालं असं नाही

मी जर्मनीत राहते. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांशी कचऱ्याचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "तुमच्याकडे सगळं रिसायकल होतं. आपल्या लोकांना शिस्तच नाही." यातलं पहिलं वाक्य खरं नाही, आणि दुसरं कचरावेचकांवर अन्याय करणारं आहे.

इथे पॅकिंगचा कचरा पिवळ्या डब्यात किंवा पिवळ्या पिशवीत जातो. त्यातलं बरंचसं प्लॅस्टिक पुढे जाळलं जातं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा थर असा बसवलेला असतो की तो सोडवणं जर्मनीतही परवडत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेला रंगासाठी वापरलेली काजळी इन्फ्रारेड किरण शोषून घेते, म्हणून वर्गीकरणाच्या यंत्राला तो ट्रे सहसा ओळखताच येत नाही. दह्याचा कप धुवायची गरज नसते, रिकामा असला की पुरे. पण त्याचं ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण सोडवून वेगळं टाकावं लागतं. ओव्हनमध्ये चालणारी काच बाटल्यांच्या काचेबरोबर वितळत नाही. आणि प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणातला आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, ते रिसायकल होईल अशी हमी देत नाही.

आपल्याकडे हे सगळं कचरावेचकांना आणि भंगारवाल्यांना कधीचं माहीत आहे. पुठ्ठा, पत्रा, पाण्याची बाटली, दुधाची पिशवी ते उचलतात, कारण त्याला पुढे गिऱ्हाईक असतं. वेफर्सचं पाकीट ते सोडून देतात. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली ती याच माणसांची. घरातल्या कशाचं खरोखर काही होतं, हे विचारायचं तर आधी त्यांना विचारावं.

जर्मनीकडून घ्यायचंच असेल तर पैशाचा हिशेब घ्यावा. पॅकिंगच्या विल्हेवाटीचा खर्च 1991 पासून इथे उत्पादकांवर टाकलेला आहे. 2003 पासून पेयांच्या एकदाच वापरायच्या बऱ्याच बाटल्यांवर आणि डब्यांवर अनामत लागते, आता ती 25 सेंट आहे; बाटली परत केली की ती परत मिळते, त्यामुळे बाटल्या रस्त्यावर क्वचितच पडून राहतात. उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम भारतातही आहेत, पण आपला वाद फिरून फिरून नागरिकांच्या शिस्तीवरच येतो. ज्या पाकिटाला जगात कुठेच धड गिऱ्हाईक नाही, ते बाजारात आणणाऱ्याला जाब विचारायला हवा.

घराच्या वाट्याला तरीही काम उरतंच. ओलं आणि सुकं एकत्र झालं की चांगला कागद वाया जातो. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये: पिशवी विकली जाते, तो इवलासा तुकडा कुणीच वेचत बसत नाही.