छप्पन ते सत्तर आम्ही जायचं कुठे?

आज सकाळी मेडिक्लेमच्या रिन्यूअलचा मेसेज आला आणि आकडा बघून डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत एक क्लेम नाही घेतला, तरी एवढी वाढ? फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, "मॅम, आप छप्पन की हो गई हैं, एज बँड बदल गया." म्हणजे वयाचा पुढचा गट लागला, म्हणून हप्ता वाढला. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रीमियमवरचा 18 टक्के जीएसटी गेला म्हणून आपण सगळे किती खूश होतो, ती बचत या एका फटक्यात गिळली की यांनी.

साठीच्या वरच्यांसाठी इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2025 मधे प्रीमियमवाढीला वर्षाला 10 टक्क्यांची मर्यादा घातलीये, त्यावर जायचं तर कंपनीला आधी इर्डाशी बोलावं लागतं. बरं केलं. पण दरवर्षी 10 टक्के म्हणजे सात-साडेसात वर्षांत दुप्पट, कुणाची पेन्शन होते अशी दुप्पट? आणि आम्हा साठीच्या आतल्यांना तर तेवढाही आडोसा नाही.

हे प्रीमियम का वाढतं ते मी आईच्या मोतीबिंदूच्या वेळी बघितलंय. काउंटरवर फाइल ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "आंटी का मेडिक्लेम है?" हो म्हटल्याबरोबर एस्टिमेटचा कागद बदलला, लेन्स महाग झाली, रूम डीलक्स झाली. वहिनीने आदल्या दिवशी रोखीचा भाव विचारून ठेवला होता म्हणून कळलं तरी! हा जो फरक आहे ना, तोच पुढच्या वर्षी तुमच्या-माझ्या प्रीमियममधे येऊन बसतो, आणि हॉस्पिटलला विचारणारं कुणी नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्यात आहे, ईएसआयवाला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातला. जून 2019 पर्यंत त्यासाठी पगारातून पावणेदोन टक्के कापायचे, आता पाऊण टक्का. कमी झालं! काकूंचं वय कुणी विचारत नाही, त्यांची शुगर-बीपीची औषधं नंदानगरच्या बीमा हॉस्पिटलमधून येतात. रांग असते, कधी औषध बाहेरून आणावं लागतं, मान्य. मुलाचा पगार 21 हजारांच्या वर गेला की हेही सुटणार, त्याचीच काकूंना काळजी, म्हणजे बढतीचीसुद्धा भीती वाटावी माणसाला!

अशा सरकारी योजनांत हॉस्पिटलांचे भाव सरकार बांधून देतं म्हणून तिथे खर्च आवाक्यात राहतो. हां, कधीकधी इतका घट्ट बांधतात की हॉस्पिटलं योजनेचं कार्ड बघून तोंड फिरवतात, तेही खरंच. पण त्या मोतीबिंदूच्या काउंटरवर भाव बांधलेला असता तर कागद बदलायची हिंमत झाली असती का कुणाची?

आता आईचं सरकारच्या आयुष्मान योजनेचं सत्तरीवरचं कार्ड झालंय, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं, उत्पन्नाची अट नाही. खरं सांगते, ते हातात घेऊन आई कितीतरी वेळ बघत होती, मलाही भरून आलं. आम्हा सत्तरीच्या आतल्यांना फुकट नकोच, आमच्याकडून हप्ता घ्या, पण त्याच बांधलेल्या दरांत आम्हालाही घ्या ना.

तोवर हे रिन्यूअल भरावंच लागणार, खंड पडला तर वेटिंग पीरियड, म्हणजे जुन्या आजारांना क्लेम मिळायच्या आधीची थांबायची मुदत, परत पहिल्यापासून. इंदूरात कुणी हल्ली पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली असेल तर खाली लिहा, आणि तुमचा प्रीमियम किती वाढला तेही टाका.